आढ्यापर्यंत पोचणारी काठी

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. मी त्याच्या दहा दिवस आधी ठाण्याहून निघून कुडाळला उतरले, ते आमच्या माजघराचं छप्पर झाडायला. एवढ्यासाठी दहा दिवस रजा टाकली म्हटल्यावर ऑफिसात एक-दोघींना नवल वाटलं. पण कौलारू घरात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना ते वाटणार नाही.

गावच्या घरात काकी एकटी असते. वय बहात्तर. आधीची दोन वर्षं माजघराचं छप्पर कोणी झाडलंच नव्हतं. गडी मिळत नाही, मिळाला तर भिंतीला हात पुरतो तेवढंच झाडून जातो. आमचा गणपती माजघरातच बसतो. गेल्या वर्षी मी पाहिलं, काकी नैवेद्याचं पान वाढून झालं की त्यावर दुसरं केळीचं पान उपडं घालत होती. कारण विचारलं तर वर बोट दाखवून म्हणाली, "दिसता मा? पानात पडतला ता." वर काळ्या दोऱ्यांसारखी जळमटं लोंबत होती आणि वारा आला की हलत होती. ते उपडं पान माझ्या मनात वर्षभर राहिलं. जूनमध्ये तिचाच फोन आला, "वर बघला की माका चक्कर येता. यंदा माजघर तूच झाड."

आमच्या घरात देवघर आणि आतली खोली यांना लाकडी तक्तपोशी आहे. तिथे स्टुलावर उभं राहिलं तरी काम होतं. माजघर मात्र थेट कौलांपर्यंत उघडं आहे. भिंतीपाशी उंची साधारण नऊ फूट, मधे आढ्याखाली, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच कण्याखाली, सतरा फुटांच्या वर. दहा फुटांवर एक जाडजूड भाल, म्हणजे लाकडी तुळई, आडवी गेली आहे. तिच्यावरच्या अंधारात वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौलं. दोन कौलांच्या सांध्यांतून वारा येतो तशी धूळही येते. पलीकडे स्वयंपाकघर, आणि त्या दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत गेलेलीच नाही. चुलीचा धूर वरून माजघरात उतरतो. धुराची काजळी कोळ्याच्या जाळ्यावर बसते, तिच्यावर धूळ बसते, आणि मूळचा न दिसणारा तंतू बघता बघता सुतळीएवढा होतो. काकीच्या बोलण्यात ताजं ते कोळिष्टक, आणि असं काळं होऊन लोंबतं ते जळमट. झाडायला लागल्यावर कळलं, हा फरक कामाचा आहे. कोळिष्टक काठीला चिकटून येतं. जळमट हात लागताच तुटून तोंडावर पडतं.

मी ठाण्याहून अ‍ॅल्युमिनियमची लांब होणारी काठी नेली होती, टोकाला मऊ मायक्रोफायबरचा गोंडा. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये छत साडेनऊ फुटांवर आहे. तिथे ती काठी उत्तम चालते, म्हणून माझा तिच्यावर भरवसा होता. गावी ती पूर्ण उघडली आणि पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी समजल्या. एक, लांबी वाढली की काठी नुसती जड होत नाही, लवते. टोकाला तेवढंच वजन असताना लांबी दुप्पट झाली तर लवणं आठपट होतं, हे कधीतरी शिकले होते, ते आता खांद्यांना कळलं. गोंडा हवा तिथे टेकेना, मासा गळाला लागल्यासारखं टोक नाचत राहिलं. दोन, आमचे वासे रंधलेले नाहीत. मऊ गोंडा प्रत्येक कुसळात अडकायचा, ओढला की धागे वर राहायचे. आणि तिसरी गोष्ट काकीने दाखवली. ती दारातून एकदम ओरडली, "थांब! आधी मेन बंद कर!"

तिचं बरोबर होतं. भालीवरून जुन्या लाकडी पट्टीवर बसवलेली वायर गेली आहे आणि दोन ठिकाणी तिचं आवरण सुटलंय. अ‍ॅल्युमिनियमची काठी त्याला लागली असती तर? मी मेन स्विच पाडला, पंखे आणि दिवे गेले. ती काठी त्या दिवशी मी पडवीत ठेवून दिली. जुनी वायरिंग असलेल्या घरात धातूची काठी वर न्यायचीच नाही, आणि लाकडाची असली तरी मेन पाडूनच काम करायचं, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं, म्हणून इथे सांगते आहे.

काठी थांबवण्याआधी मी भिंतीच्या वरच्या पट्ट्यावर गोंडा फिरवून घेतला होता. आमच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, वर चुन्याचा हात. जाळं निघालं, पण त्यातली काजळी पांढऱ्या भिंतीवर फासली गेली. हातभर लांबीचे काळे फराटे उठले. मी घाबरून ओलं फडकं काठीला बांधलं आणि पुसायला गेले. फराटा आणखी पसरला आणि त्याबरोबर चुनाही सुटून आला. काकी खाली बसून बघत होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पुसू नको गो बाय. गुंडाळ. सूत गुंडाळतत तसा."

हा एक शब्द त्या दहा दिवसांत मी सगळ्यात जास्त वापरला. गुंडाळ.

संध्याकाळी काकीने शेजारच्या मुलाला परसातून चिवारीची काठी तोडून आणायला सांगितली. चिवारी म्हणजे आमच्याकडचा बारीक बांबू. भरीव, सरळ, हलका आणि ताठ. चौदा फुटांची काठी त्याने पेरं तासून गुळगुळीत केली. टोकाला माडाच्या हिरांची, म्हणजे झावळीच्या काड्यांची, नवी वाडवण (झाडू) बांधायची होती. मी ती नेहमीसारखी सरळ बांधायला घेतली तर काकीने सोडायला लावली. हिर चारही बाजूंनी पसरतील अशी, फुललेल्या फुलासारखी, सुंभाने आवळून बांधायची. मधे काठीचं टोक चार बोटं आत रुतलेलं हवं, नाहीतर फिरवताना वाडवण जागच्या जागी फिरते आणि काठी नुसतीच वळते. बांधून झाल्यावर तिने ती उलटी धरून जमिनीवर दोनदा आपटली. एकही हिर निसटला नाही, तेव्हा तिचं समाधान झालं.

ही झाली झाडायची काठी. छाताडाशी धरून उभं राहिलं की टोक आढ्याला टेकतं. शिडी लागतच नाही, आणि माझ्या मते हाच तिचा मोठा गुण आहे. उंचावरची साफसफाई म्हटली की आपण आधी शिडी शोधतो. शिडीवर उभं राहून मान मागे टाकून दोन्ही हातांनी लांब काठी चालवणं म्हणजे तोल जायला निमंत्रण. जमिनीवर पाय रोवून होतं ते काम जमिनीवरूनच करावं.

मधल्या दोन दिवशी पाऊस कोसळत होता, म्हणून आम्ही थांबलो. श्रावणातली हवा ओली, त्यात जाळी दमट होतात आणि काजळीचा लगदा होऊन लाकडाला बसतो. उघडीप मिळाली तेव्हा सकाळी नऊला सुरुवात केली, ओल सुकल्यावर. माजघर रिकामं केलं. हलवता न येणाऱ्या दोन पेट्या आणि कपाट यांवर जुनी लुगडी टाकली, त्यावर मेणकापड. देवघराच्या दाराला चादर लावली. स्वयंपाकघरातले डबे आधी झाकले, कारण भिंतीवरून धूळ पलीकडे उतरते, हे आम्ही लहानपणी पोह्यांत काळं सापडल्यावर शिकलो होतो. डोक्याला ओढणी घट्ट, तोंडाला एन-९५ मास्क, डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला चष्मा. चष्म्याबद्दल मी आग्रहाने सांगेन. वर बघत काम करताना जे सुटतं ते सरळ डोळ्यांतच उतरतं. पहिल्या दिवशी मी चष्मा लावला नव्हता. काजळीचा एक कण गेला, तो चोळायचा मोह आवरून स्वच्छ पाण्यात डोळा बुडवून उघड-मीट केली तेव्हा कुठे निघाला, आणि डोळा रात्रीपर्यंत लाल राहिला.

मेन पाडलेला, त्यामुळे उजेड काय तो एका काचेच्या कौलातून येत होता. शेजारचा मुलगा विजेरी घेऊन उभा राहिला. आधी त्याने ती सरळ वर मारली, तर काहीच दिसेना. सगळं सारखंच तपकिरी. मग भिंतीला लावून तिरकी धरली, आणि वाशांच्या मधलं सगळं एकदम उजळून निघालं. एकेक धागा, एकेक पडदा. खालून आम्हाला दिसत होती ती जळमटं खरं तर थोडीच होती. वर वाशा-वाशांमध्ये झोळ्या लागल्या होत्या.

क्रम असा ठेवला. आधी आढं, मग वरच्या बाजूने वासे एकेक करून खाली, मग भाल, शेवटी भिंती. झाडणीचा फटका नाही. वाडवण जाळ्याच्या मधोमध नेऊन टेकवायची, आणि काठी दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवायची. जाळं हिरांभोवती गुंडाळलं जातं, भिंतीला घासत नाही, धूळही पडते ती थोडी. चार-पाच फेरे झाले की काठी खाली आडवी घ्यायची आणि शेजारच्या मुलाने चिमट्याने वाडवणीवरची काळी लोकर काढून गोणपाटात टाकायची. वाडवण भरलेली असताना पुढे गेलं की ती उचलायच्या ऐवजी फासायला लागते. सुरुवातीला ह्या खाली-वरमध्ये वेळ जातो असं वाटलं. पण त्या दिवशी भिंतीवर एकही नवा फराटा उठला नाही.

दर वीस मिनिटांनी मी खाली बसायचे, मान पुढे घालून. मान सारखी मागे टाकून राहिलं की मलाही गरगरायला लागलं, काकीला काय होत असेल ते तेव्हा समजलं.

वर राहणारे बरेच निघाले. लांब बारीक पायांचे कोळी सगळ्यात जास्त, आणि जळमटांची मूळ वस्ती त्यांचीच. काठी जवळ गेली की हे कोळी जाळ्यातच इतक्या वेगाने अंग घुमवतात की नुसता धूसर गोळा दिसतो. दोन माद्यांच्या तोंडात अंड्यांची पुंजकी होती. ते जुनं जाळं सोडून शेजारी नवं घालतात, म्हणून एका कोळ्यामागे एवढा पसारा. भालीच्या मागून मात्र तळहाताएवढा चपटा कोळी निघाला आणि भिंतीवर येऊन थांबला. मुलगा वाडवण उचलणार तोच काकी म्हणाली, "जांवदे तेका. तो झुरळां खाता." खरं आहे ते. तो जाळं घालत नाही, रात्री फिरून शिकार करतो. आमच्या घाणीत त्याचा काही वाटा नव्हता. तो सावकाश पडवीकडे गेला.

वाशाच्या खोबणीत कुंभारीण माशीची मातीची घरटी होती, सात-आठ. ती मी पत्र्याच्या उलथन्याने काढली. एक हातात फुटलं, आत छोटे वाळलेले कोळी भरलेले. कुंभारीण कोळ्यांना दंश करून लुळं करते आणि पिलांसाठी आत कोंडते. मी ते काकीला दाखवलं तेव्हा तिने सांगितलं की तिची सासू ही घरटी देवघराच्या बाजूची काढू द्यायची नाही. मी बाकीची काढली, देवघराकडची दोन ठेवली. एका कोपऱ्यात वटवाघळांची लेंडी साचली होती. ती कोरडी झाडायची नाही. पाणी शिंपडून, ओली करून, मास्क लावूनच उचलायची. त्या धुळीतून छातीचा आजार होऊ शकतो.

भाल झाडायला मात्र शिडी लागली. तिची वरची बाजू सपाट आहे आणि तिच्यावर बोटभर धूळ होती, ती काठीने ढकलली असती तर सगळ्या घरात गेली असती. शिडी लावताना उंचीच्या चौथ्या भागाइतका पाया भिंतीपासून पुढे ठेवला, दहा फुटांना अडीच फूट. खाली मुलाने पाय लावून धरली. मी काठी वर नेली नाही, फक्त सूप आणि हातवाडवण. एक हात कायम शिडीला. बाजूला वाकायचं नाही, उतरून शिडी सरकवायची. सहा वेळा उतरले-चढले. धूळ सुपात ओढून घेतली, दोन सुपं भरली.

आणि त्या धुळीखाली वाळवी सापडली.

पश्चिमेच्या भिंतीतून मातीची एक बारीक नळी वर आली होती आणि जळमटांच्या पडद्याआडून भालीच्या टोकावर चढली होती. बोटाने दाबलं तर नळी मोडली, आत पांढरे किडे वळवळले. लाकूड नखाने टोचलं. अजून टणक होतं, टोकापाशी जेमतेम अंगठ्याएवढा भाग पोकळ वाजला. मी शिडीवरच काही वेळ थांबले. ही भाल आमच्या पणज्यांनी बसवलेली. दोन वर्षं आम्ही खालून वर बघून जळमटं आहेत म्हणत राहिलो आणि त्यांच्या मागे हे चाललं होतं. आणखी दोन वर्षं कोणी झाडलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. माझ्यासाठी ही साफसफाई तिथून पुढे वेगळी झाली. मी स्वच्छतेसाठी आले होते. आता छपराची तपासणी करत होते, एकेक वासा नखाने टोचत.

दुसऱ्या दिवशी सुतार आले. त्यांनी पोकळ भाग तासून काढला, भिंतीतली वाट उकरून औषध सोडलं आणि भालीच्या टोकाला काजूच्या टरफलांचं तेल दिलं. हे तेल आमच्याकडे लाकडाला पूर्वीपासून लावतात. काळंभोर, घट्ट, उग्र, आणि कातडीला लागलं तर भाजतं. त्यांनी हाताला खोबरेल चोळून मगच डबा उघडला. "वेळीच बघितलंत," एवढं म्हणाले.

वासे झाडून झाल्यावर रिपांमधून कौलांची आतली बाजू दिसायला लागली. मंगलोरी कौलांच्या खालच्या अंगावर कारखान्याची अक्षरं उठवलेली असतात. विजेरी तिरकी धरली आणि रोमन लिपीत मँगलोर हा शब्द वाचता आला. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे आणखी कारखाने झाले, आणि ही चपटी कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली. त्याआधी आमच्याकडे नळीची कौलं असत, असं काकी सांगते. एवढी वर्षं मी ह्या छपराखाली झोपले आहे, ती अक्षरं पहिल्यांदा वाचली. काकीला खाली चटईवर आडवं झोपवून विजेरीच्या उजेडात दाखवली, मान वर करावी लागू नये म्हणून. ती बराच वेळ बघत राहिली.

पहिल्या दिवसाचे फराटे उरलेच होते. त्यांना ओलं लावायचं नाही हे आता कळलं होतं. सुक्या, मऊ कुंच्याने वरची काजळी उतरवली, आणि भिजवून गाळलेल्या चुन्यात चिमूटभर नीळ घालून त्या पट्ट्याला दोन हात दिले. पावसाळी हवेत एक हात सुकायला अख्खा दिवस गेला. चुन्याची भिंत असेल तर डागाला पाणी नको, चुनाच हवा.

शेवटी खाली. सगळी धूळ बसायला रात्रभर दिली. लगेच झाडलं तर निम्मी पुन्हा वर उठते. सकाळी ओल्या भुशाने लादी झाडली आणि मग पुसली, तीनदा. गोणपाटात भरलेलं सगळं परसातल्या खड्ड्यात पुरलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी बांधली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं नि परसातलं जे जे मिळेल ते बांधतात. आंब्याचे टाळे, असोला नारळ, सुपारीचा घड, तवसं, लालभडक कवंडाळं, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा. ही चौकट भालीला चार दोऱ्यांनी टांगायची असते. दरवर्षी दोरी भालीवरून टाकली की तिच्याबरोबर मूठभर काळं खाली यायचं आणि मग माटवी झटकत बसावं लागायचं. यंदा मी शिडीवरून दोरी टाकली, ती कोरी खाली आली. जिथे तेल दिलं होतं तिथून दोन हात सोडून गाठ मारली.

चिवारीची काठी आता पडवीच्या वाशांना दोन कड्यांत आडवी टांगली आहे, वाडवण सोडून सुकवून वेगळी ठेवली. हिर ओले राहिले तर कुजतात. पुढच्या वैशाखात, शाकारणीला कौलं उतरतील तेव्हा वरून आणि खालून दोन्हीकडून झाडता येईल. सुतारांनीही तेव्हाच भाल पुन्हा बघायला यायचं कबूल केलं आहे. मी त्या आठवड्याची रजा आतापासून लिहून ठेवली आहे.

चतुर्थीला दुपारी काकीने नैवेद्याचं पान वाढलं. वरण, भात, पाच भाज्या, मोदक. सवयीने तिचा हात दुसऱ्या केळीच्या पानाकडे गेला. तिने वर पाहिलं, अगदी क्षणभर, चक्कर यायच्या आत. मग ते पान उलटं न घालता सरळ मांडलं आणि त्यावर मला वाढायला घेतलं.